डिस्कचा सातबारा: घरच्या सर्व्हरच्या बॅकअपचा पन्नास वर्षांचा इतिहास

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे, हे आधीच सांगतो. घरी एक छोटा सर्व्हर आहे, त्यावर चार-पाच व्हर्च्युअल मशीन्स चालतात, आणि त्या सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्यायचाय. बस्स, एवढंच. यात इतिहास कुठून आला, असं वाटेल. पण ज्या कारणामुळे १९७२ साली एखाद्या कॉम्प्युटर सेंटरमधल्या माणसाची झोप उडाली असती, अगदी त्याच कारणामुळे आज तुमच्या घरच्यांचे फोटो अडकून पडू शकतात. म्हणून हा भाग.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. ऑफिसांतून बाहेर पडलेला जुना मिनी पीसी घ्यायचा, त्यावर हायपरव्हायझर टाकायचा, की एका मशीनच्या पोटात अनेक मशीन्स चालू होतात. एकात घरातले फोटो, एकात जाहिराती अडवणारं पाय-होल, एकात दिवे-पंखे सांभाळणारं होम असिस्टंट. मोठ्या मशीनला होस्ट म्हणतात आणि आतल्यांना गेस्ट. आपल्या भाषेत यजमान आणि पाहुणे.

बॅकअप म्हटलं की सगळे पाहुण्यांच्या सामानाचाच विचार करतात. फोटो, व्हिडिओ, डेटाबेस. पण कुठल्या मशीनला किती मेमरी, त्याची डिस्क नेमकी कुठली, ते नेटवर्कला कुठून जोडलंय, ही माहिती वेगळीच कुठेतरी लिहिलेली असते. ती असते जेमतेम काही किलोबाइट. आणि ती गेली तर डिस्कवरचे शेकडो जीबी जागच्या जागी असूनही चालू होत नाहीत. शेतीवाल्या घरातल्यांना हे लगेच समजेल. जमीन कुठे पळून जात नाही. पण सातबारा हरवला, बांध मोडले, तर कुठला तुकडा कोणाचा हे सांगणार कोण?

हा सातबारा पहिल्यांदा कुठे लिहिला गेला ते बघू.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आयबीएमचं एक सायंटिफिक सेंटर होतं. तिथे रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांच्या गटाने १९६४ च्या शेवटी एक प्रयोग सुरू केला. तेव्हा एक कॉम्प्युटर म्हणजे अख्खी खोली, आणि तो वापरायला रांग. यांची कल्पना अशी की प्रत्येक माणसाला त्याचा स्वतंत्र कॉम्प्युटर आहे असा आभास द्यायचा. खोटा, पण इतका चोख की त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमलाही फरक कळू नये. जानेवारी १९६७ मध्ये हे सीपी-४० नावाने वापरात आलं. मुद्दाम बदल केलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ४० वर एकाच वेळी १४ व्हर्च्युअल मशीन्स चालायची. चौदा! आज तुमच्या मिनी पीसीवर जेवढी चालतात साधारण तेवढीच. पुढे त्यातूनच सीपी-६७ आलं, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केलं.

व्हीएम/३७० मध्ये सगळ्या व्हर्च्युअल मशीन्सची माहिती एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असायची. तिचं नाव डायरेक्टरी. आजच्या फोल्डरवाली डायरेक्टरी नव्हे, टेलिफोन डायरेक्टरीसारखी यादी. प्रत्येक युजरसाठी काही ओळी: नाव, पासवर्ड, मेमरी किती, आणि मग त्याच्या डिस्क. या डिस्कना मिनीडिस्क म्हणायचे, आणि खरी गंमत तिथेच आहे. त्या काळची ३३३० जातीची डिस्क १०० मेगाबाइटची, तिच्यात ४०४ सिलिंडर. डायरेक्टरीतली एखादी ओळ असं सांगायची की या माणसाची १९१ नंबरची डिस्क म्हणजे त्या खऱ्या डिस्कवरच्या अमुक सिलिंडरपासून पुढची दहा सिलिंडर. झालं. तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि कोणाचा, हे ठरवणारी ओळ फक्त डायरेक्टरीतच.

आणि ती ओळ चुकली तर? डायरेक्टरी सिस्टिमवर चढवणारा प्रोग्रॅम दोन मिनीडिस्क एकमेकींवर चढल्यात का हे तपासत नसे. दोघांना एकच बांध लिहून दिला तर दोघंही आनंदाने एकाच जमिनीत नांगर घालायचे. तलाठी काही बोलायचा नाही.

आता समजा सिस्टिमची मुख्य डिस्कच गेली. टेपवर बॅकअप आहे, पण तो परत चढवणारा प्रोग्रॅम त्या मेलेल्या सिस्टिमवरच आहे. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. यावर आयबीएमचं उत्तर मला आजही भारी वाटतं. डिस्कवरून टेपवर आणि टेपवरून डिस्कवर नेणाऱ्या डीडीआर या प्रोग्रॅमची एक स्वतंत्र आवृत्ती असायची. ती चालवायला खाली व्हीएम/३७० लागत नसे. कोऱ्या मशीनवर थेट ती सुरू करायची आणि डिस्क परत भरायची. डायरेक्टरी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचंही तसंच: प्रोग्रॅमची पंच कार्डं आणि त्यांच्या मागे डायरेक्टरीच्या ओळींची कार्डं असा गठ्ठा कार्ड रीडरमध्ये ठेवला की सातबारा पुन्हा तयार. आज आपण पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर बूट करतो, ते याहून फार वेगळं नाही.

जाता जाता आणखी एक. त्या डायरेक्टरीत पासवर्ड उघडे लिहिलेले असायचे, म्हणजे ज्याच्या हाती तिची प्रत त्याच्या हाती सगळ्यांची दारं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यानंतर आपल्या गोष्टीत मोठी पोकळी आहे. पीसी आले, पण इंटेलच्या प्रोसेसरची रचनाच अशी होती की आत दुसरं मशीन चोख चालवणं अवघड. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत टार आला. नाव 'टेप आर्काइव्ह'वरून, आणि आज ज्याच्या घरात एकही टेप नाही तोसुद्धा रोज टार वापरतो. ती एक आठवण ठेवून थेट १९९८ ला येऊ, कारण त्या वर्षी व्हीएमवेअर कंपनी सुरू झाली. १९९९ मध्ये तिचं वर्कस्टेशन आलं आणि व्हर्च्युअल मशीन म्हणजे एक फोल्डर झालं. डिस्कची मोठी फाइल, शेजारी कॉन्फिगरेशनची छोटी टेक्स्ट फाइल. फोल्डर कॉपी केलं की बॅकअप. सातबारा शेतातच पुरून ठेवल्यासारखं, आणि खरं सांगू का, यापेक्षा सोपी पद्धत त्यानंतर आलेली नाही.

मग सर्व्हरसाठीचा ईएसएक्स २००१ मध्ये आला, आणि पुढे त्याचा सडपातळ भाऊ ईएसएक्सआय. हा इतका छोटा की पेनड्राइव्हवर मावायचा. २००८ च्या जुलैपासून तो फुकट मिळायला लागला आणि घरी सर्व्हर ठेवणाऱ्यांची एक पिढी त्याच्यावर वाढली. पण त्याची एक सवय आपल्याकडच्यांना माहीत असायलाच हवी होती. ईएसएक्सआय चालताना स्वतःचं कॉन्फिगरेशन मेमरीत ठेवतो, आणि साधारण तासातून एकदा त्याचं गाठोडं करून बूट डिस्कवर लिहितो. म्हणजे तुम्ही दहा वाजून पाच मिनिटांनी नेटवर्कची नवी मांडणी केली आणि साडेदहाला लाइट गेली, तर मशीन परत उठेल ते दहाच्या आधीच्या आठवणी घेऊन. जिथे वीज जातच नाही तिथल्या माणसाला हे कधी कळणारही नाही. शिवाय काढून ठेवलेला बॅकअप परत चढवायचा तर त्याच आवृत्तीच्या, अगदी त्याच बिल्ड नंबरच्या ईएसएक्सआयवरच. बॅकअप जपला, पण त्या जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर जपला नाही, तर हाती काय? एक गाठोडं जे सुटत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटचा ईएसएक्सआय बंद झाला. एप्रिल २०२५ मध्ये तो परत आला खरा, पण तोवर घरगुती मंडळींनी बोचकी बांधली होती. बहुतेक जण जिथे गेले ते ठिकाण व्हिएन्नाचं: प्रॉक्समॉक्स.

प्रॉक्समॉक्स म्हणजे डीटमार आणि मार्टिन माउरर यांची ऑस्ट्रियातली छोटी कंपनी. त्यांचं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट २००८ मध्ये आलं. डेबियन लिनक्स, त्यावर केव्हीएम, वर ब्राउझरमध्ये उघडणारं पान. सुरुवातीला प्रत्येक गेस्टचं कॉन्फिगरेशन साध्या फाइलमध्ये असायचं, लिनक्सच्या ईटीसी फोल्डरात, जसं असायला हवं तसं. २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी हे बदललं. कारण योग्य होतं. तीन-चार होस्ट एकत्र जोडले तर प्रत्येकाकडे सगळ्यांचा सातबारा ताजा हवा. म्हणून त्यांनी ईटीसीच्या आत पीव्हीई नावाचं एक फोल्डर केलं, जे दिसतं फोल्डरसारखं पण असतं एक मायाजाल. आतल्या फाइल्स खऱ्या फाइल्स नाहीतच. त्या एका एसक्यूलाइट डेटाबेसमधल्या ओळी आहेत. सर्व्हर चालू असताना त्या फाइल्सचं सोंग घेतात.

आता ट्रॅप ऐका. तुमच्या मिनी पीसीचा मदरबोर्ड गेला. डिस्क ठणठणीत आहे. तुम्ही ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता, ईटीसीत जाता, पीव्हीई उघडता, आणि आत काहीही नाही. रिकामं. इंटरनेटवर याच क्षणी घाबरलेल्यांची काही कमी नाही. पण सोंग घेणारा प्रोग्रॅम चालू नाही म्हणून सोंग दिसत नाही, एवढंच. खरा माल त्याच डिस्कवर व्हार, मग लिब, मग पीव्हीई-क्लस्टर या फोल्डरात, कॉन्फिग डॉट डीबी नावाच्या फाइलमध्ये शाबूत असतो. नव्या होस्टवर क्लस्टरची सेवा थांबवायची, ही एक फाइल जागेवर ठेवायची, होस्टचं नाव जुनंच द्यायचं आणि रीबूट. नावाचं विसरू नका, कारण आत गेस्ट होस्टच्या नावाच्या फोल्डराखाली लावलेले असतात. नाव बदललं तर तुमची मशीन्स एका अशा होस्टच्या नावावर दिसतील जो आता अस्तित्वात नाही. मयताच्या नावावरचा उतारा.

एसक्यूलाइटचा जन्मही या गोष्टीला साजेसा आहे. २००० साली रिचर्ड हिप अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. तिथला डेटाबेस सर्व्हर बंद असला की त्यांचा प्रोग्रॅमही अडून बसायचा. म्हणून त्यांनी असा डेटाबेस लिहिला ज्याला सर्व्हरच लागत नाही, नुसती एक फाइल. त्यामुळेच मेलेल्या होस्टची कॉन्फिग डॉट डीबी तुम्ही कुठल्याही लॅपटॉपवर उघडून वाचू शकता. आत 'ट्री' नावाचं टेबल आहे, त्यात प्रत्येक फाइलचं नाव आणि मजकूर. फक्त ही फाइल चालू सर्व्हरवरून नुसती कॉपी करू नका. तिच्या शेजारी 'वॉल' शेपटाची आणखी एक फाइल असते, आणि सगळ्यात ताजे बदल कधीकधी अजून तिच्यातच असतात. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड हे बरोबर सांभाळते. शिवाय पीव्हीई फोल्डर चालू असतानाच त्याचा एक टार काढून ठेवा, म्हणजे सगळं वाचता येण्याजोग्या टेक्स्टमध्येही मिळतं. मी दोन्ही ठेवतो.

पण डिस्क तर आहेत ना, कॉन्फिगरेशन हाताने परत लिहू की, असं कोणी म्हणेल. लिहिता येतं. डिस्कच्या नावात गेस्टचा नंबर असतोच, १०० पासून पुढे. पण मशीन युईएफआयवर होतं की जुन्या बायोसवर? चुकलं तर ते बूटच होणार नाही. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता काय होता? तो बदलला की राउटर नवा आयपी देतो, आणि घरातल्या सगळ्या फोनवरचं फोटोंचं अ‍ॅप 'सर्व्हर सापडत नाही' म्हणायला लागतं. विंडोजच्या गेस्टची डिस्क वेगळ्या कंट्रोलरला जोडली तर निळा स्क्रीन. या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पंधरा-वीस ओळींच्या एका फाइलमध्ये लिहिलेलं होतं.

बरं, पीव्हीई फोल्डर म्हणजे सगळं नव्हे. आमचा सर्व्हर सांगलीला घरी आहे आणि मी पुण्यात. गेल्या उन्हाळ्यात त्याची एसएसडी गेली. नवा मिनी पीसी कुरिअरने पाठवला, गेस्टचे बॅकअप बाहेरच्या डिस्कवर होते, कॉन्फिगरेशन पेनड्राइव्हवर. बाबांनी टीव्हीला जोडून इन्स्टॉल केलं, मी व्हिडिओ कॉलवर. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, वाचून सांगण्यात एक अक्षर चुकत नाहीत. सगळं परत आलं, फक्त सर्व्हर नेटवर्कवर दिसेना.

"बाबा, जुन्या फाइलमध्ये ईएनपी२एस० लिहिलंय. आता स्क्रीनवर काय दिसतंय?"

"ईएनपी, एक, एस, शून्य. दोनाचा एक झालाय रे."

"तोच बदलायचाय. आधी फाइल उघडू. स्लॅश टाइप करा."

"स्लॅश म्हणजे तिरकी रेघ ना? ती प्रश्नचिन्हाखालची?"

दहा मिनिटांत झालं. या दोनाच्या एकालाही इतिहास आहे. पूर्वी लिनक्समध्ये नेटवर्क कार्डांची नावं ईटीएच०, ईटीएच१ अशी असायची, आणि एकाहून जास्त कार्डं असली तर बूट करताना कोण आधी सापडेल त्यावर नावांची अदलाबदल व्हायची. २०१३ मध्ये सिस्टिमडीने नावं कार्ड बसवलेल्या जागेवरून द्यायला सुरुवात केली. एका मशीनवर हे पक्कं झालं. पण मशीन बदललं, किंवा नुसतं एक ग्राफिक्स कार्ड नवीन बसवलं, की जागांचे नंबर सरकतात. मग नेटवर्कच्या फाइलमधलं जुनं नाव म्हणजे राहत्या घराचा जुना पत्ता. म्हणून ईटीसीतली नेटवर्कची फाइल, होस्ट्स, एफएसटॅब, क्रॉनच्या ओळी, यूएसबी किंवा ग्राफिक्स कार्ड गेस्टला दिलं असेल तर त्याच्या सेटिंग्ज, हे सगळं पीव्हीईच्या बाहेर असतं आणि तेही बांधून ठेवावं लागतं. प्रॉक्समॉक्सचा व्हीझेडडंप पाहुण्यांचा बॅकअप त्यांच्या कॉन्फिगरेशनसकट घेतो, अगदी व्यवस्थित. यजमानाला तो हात लावत नाही.

माझं मत विचाराल तर होस्टच्या अख्ख्या डिस्कची इमेज घेत बसू नका. कोरं इन्स्टॉल पंधरा मिनिटांत होतं, आणि नवं मशीन जुन्यासारखं असेलच असं नाही. आन्सिबलने सगळं लिहून काढणारेही आहेत. एका डब्यासाठी मला ते लग्नाच्या मांडवात एकटं जेवायला बसल्यासारखं वाटतं, पण ज्याची त्याची हौस.

बॅकअपच्या धंद्याशी आपल्याकडचं नातं जुनं आहे, हे सांगायलाच हवं. नेटबॅकअप बनवणाऱ्या व्हेरिटासचं मोठं संशोधन केंद्र पुण्यात होतं, आणि तिथूनच बाहेर पडलेल्यांचा हात असलेली द्रुवा २००८ मध्ये पुण्यातच सुरू झाली. प्रॉक्समॉक्स आलं तेच वर्ष. या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असलेला एक प्रसंग गिटलॅबचा आहे. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या मुख्य डेटाबेसचा सुमारे ३०० जीबी डेटा चुकून पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, आणि वेळेला एकही धड चालली नाही. एकीत डेटाबेसच्या आवृत्तीपेक्षा जुनी कमांड वापरली जात होती, त्यामुळे बॅकअप बनतच नव्हता. बिघाडाच्या सूचनेचे ईमेल जायचे, पण ते समोरून नाकारले जात होते. सहा तास आधी कोणीतरी भलत्याच कामासाठी घेतलेल्या एका स्नॅपशॉटने त्यांना वाचवलं. आणि रिस्टोअरचं काम त्यांनी यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं, जे मला कौतुकाचं वाटतं.

आता ते पासवर्ड. पीव्हीईच्या आत प्रिव्ह नावाचं फोल्डर आहे, त्यात किल्ल्या असतात. टार बनवून कोणी तो उघड्या गिटहबवर टाकू नका, १९७२ च्या डायरेक्टरीसारखं होईल. आणि दुसरी बाजू त्याहून वाईट आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरची पहिली पक्की आवृत्ती आली. त्यात बॅकअप होस्टवरच कुलूपबंद करून पाठवता येतो. उत्तम सोय. पण ती किल्ली कुठे राहते? याच प्रिव्ह फोल्डरात. ज्या होस्टची डिस्क जायची भीती आहे, त्याच डिस्कवर. ती गेली की दुसरीकडचे सगळे बॅकअप शाबूत आणि कोणालाच न उघडणारे. किल्ली नसेल तर प्रॉक्समॉक्सवालेही काही करू शकत नाहीत.

यासाठी त्यांनीच एक कमांड दिलीय. नाव पेपरकी. चालवली की किल्लीचा क्यूआर कोड आणि मजकूर छापण्यासाठी तयार होतो. घरी प्रिंटर नसेल तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात ती फाइल व्हॉट्सअ‍ॅप करू नका, त्यांच्या फोनमध्ये राहते. ऑफिसातल्या किंवा मित्राच्या प्रिंटरवर स्वतः जाऊन काढा. आमची प्रत बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवलीय.